मृगाआधीची फुलबाग

दुपारचे साडेचार वाजले, की मुरुडच्या त्या घरातल्या आजी पडवीतल्या खुंटीवरची वेताची परडी काढतात. अंगणातले ऊन अजून पुरते उतरलेले नसते. चिऱ्याच्या पायऱ्या तापलेल्या असतात. पण याहून उशीर करून चालत नाही. मोगऱ्याची कळी आज रात्री फुलणार की उद्या, हे याच वेळी कळते. आज उमलणारी कळी टपोरी, दुधासारखी पांढरी झालेली असते. उद्याची अजून हिरवट आणि लहान. आजी आजची तेवढी खुडतात. हात इतका सरावलेला, की डोळ्यांत मोतीबिंदू उतरत असतानाही चूक सहसा होत नाही. चुकून एखादी हिरवी कळी आलीच, तर ती परडीत न टाकता तिथेच आळ्यात ठेवतात. फेकत नाहीत.

हे मुरुड म्हणजे जंजिऱ्याचे नव्हे. दापोली तालुक्यातले, समुद्राला बिलगलेले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण ज्या गावात गेले ते. खेड स्टेशनवर उतरून दापोली, आणि दापोलीहून दहा-बारा किलोमीटर घाट उतरून किनारा. गावातून जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना घरे आणि घरांच्या मागे समुद्रापर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या, अशी इथली जुनी मांडणी. पर्यटक येतात ते शेजारच्या कर्द्याची पुळण, हर्णैचा माशांचा लिलाव आणि समुद्रातला सुवर्णदुर्ग पाहायला. रस्त्यावरून जाताना गडग्यापलीकडची फुलझाडे त्यांना दिसतात ती ओझरती. मे महिन्यात त्यांचे सगळे लक्ष हापूसच्या पेट्यांकडे असते, आणि त्यात त्यांचा दोष तो काय!

बाग म्हटले, की देशावरच्या माणसाला थंडी आठवते. शेवंती, झेंडू, ॲस्टर, डेलिया आणि जानेवारीतली पुष्पप्रदर्शने. उन्हाळ्यात कुंड्या कशाबशा जगवायच्या, असाच शहरातल्या बहुतेक घरांचा समज असतो. कोकणातल्या घरची फुलबाग मात्र ऐन भरात येते ती चैत्र सरल्यावर. वैशाख आणि ज्येष्ठाची सुरुवात, मृग लागेपर्यंतचे ते पाच-सहा आठवडे. या बागेत रंगांची उधळण फारशी नसते. मोगरा, अनंत, तगर, बकुळ, सगळी पांढऱ्याच्या आसपासची. संध्याकाळनंतर उमलणाऱ्या फुलांना रंगाचा उपयोग तसाही नसतो. अंधारात पतंगांना वाट दाखवतो तो वास. त्यामुळे ही बाग पाहायची नसून तिच्यात नुसते बसायचे असते, तेही दिवे मालवून.

रंगाची हौस भागवायला अबोली आहे, जास्वंद आहे, कुंपणाला गोकर्ण आहे. पायरीच्या कडेला फुटक्या बादलीत चिनी गुलाब आहे. सकाळी नऊ-दहाला ऊन चढले की तो उघडतो आणि दुपार ढळेपर्यंत मिटतो. तो मिटला की न्हाणीघरामागची गुलबक्षी जागी होते. पूर्वी घड्याळे कमी होती तेव्हा गुलबक्षी उघडली म्हणजे चहाचे आधण ठेवायचे, असा या घरात रिवाजच होता. आजींच्या सूनबाई अजूनही तसेच करतात, हातातल्या मोबाइलवर वेळ दिसत असली तरी.

बकुळीची वेळ पहाटेची. ती झाडावरून काढायची नसते, खालून वेचायची असते. रात्रभर टपटपलेली, पिवळसर पांढरी, चांदणीसारखी फुले. लहान मुलांच्या बोटांना ती बरोबर सापडतात. फुलाला मधोमध भोक असल्याने ओवायला सुईसुद्धा लागत नाही, केळीच्या सोपटाचा धागा पुरतो. आणि हे फूल वाळले तरी त्याचा वास जात नाही. मुंबईला जाणाऱ्या ट्रंकेत कपड्यांच्या घडीत ठेवलेली बकुळीची माळ गणपतीत पुन्हा घरी येई, वासासकट.

मे महिन्यात मात्र सगळा मान मोगऱ्याचा. आजींचा मोगरा त्यांच्या माहेरचा, केळशीकडचा. लग्न होऊन आल्या त्यानंतरच्या पावसाळ्यात भावाने दाब कलम करून आणून दिलेला. जमिनीलगतची फांदी वाकवून, मधे थोडी खरवडून मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा आणि मुळे फुटली की आईपासून तोडायची. मोगरा असाच घरोघर गेलेला आहे. बी धरणारे हे झाड नव्हे. जे आहे ते कुणी तरी कुणाला दिलेले. उत्तर भारतात त्यालाच बेला म्हणतात, तमिळनाडूत मल्ली. मदुराईच्या मल्लीला तर २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फिलिपिन्सचे राष्ट्रीय फूल तेच आहे, आणि चीनमध्ये चहाला सुगंध देतात तोही याच फुलांचा. पण केळशीहून मुरुडला आलेल्या मोगऱ्याचे कौतुक आजींना अधिक.

या झाडाची एक खोड आहे. त्याला लाडावले, की ते फुलत नाही. बारा महिने पाणी घातले तर नुसता पाला माजतो. पौष-माघात पाणी तोडायचे, झाडाला चांगला ताण बसू द्यायचा, पाने गळू लागली की निर्दयपणे छाटायचे आणि मग आळे खणून शेणखत घालून पाणी सुरू करायचे. कळी येते ती नव्या फुटीच्या शेंड्याला. त्यामुळे जितकी नवी फूट तितकी फुले. एक बहर संपला, की शेंडे खुडले तर पुन्हा फूट, पुन्हा बहर. शहरात कुंडीतला मोगरा फुलत नाही म्हणून हळहळणाऱ्या किती तरी घरांत खरे दुखणे एवढेच असते, की कात्री लावायला हात धजत नाही. दुसरे दुखणे उन्हाचे. मोगऱ्याला अर्धा दिवस तरी सरळ ऊन हवे. बाल्कनीत ते नसेल, तर कितीही खत घातले तरी व्यर्थ.

ही ऊन-सावलीची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या घरात पुढे जे झाले ते तिच्यावरूनच.

त्याआधी पाण्याचे सांगायला हवे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या भागात मे महिन्यात पाण्याची ओढ असते, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. पण जांभ्या दगडाची ही जमीन पाणी धरून ठेवत नाही. पडते ते उतारावरून समुद्राला जाते. किनाऱ्यावरच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी असते हे खरे. पण ते वाळूत साठलेले गोडे पाणी. उपसा फार झाला, की त्याची पातळी खाली जाते आणि समुद्राचे खारे पाणी आत सरकते. विहीर आटत नाही, मचूळ होते. रहाट होते तेव्हा बैल दमला की उपसा थांबे. पंप दमत नाही. अलीकडे किनाऱ्यावर लॉज आणि घरगुती राहण्याच्या सोयी वाढल्या. मे महिन्यात खोली घेणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दोन वेळा अंघोळ हवी असते. गावाला चार पैसे मिळतात, तेव्हा तक्रार तरी कुणी कुणाकडे करायची? आजी फक्त मोगऱ्याच्या पानांच्या कडा पाहतात. कडा करपू लागल्या, की म्हणतात, “पाणी फिरलं.”

म्हणून या घरात फुलझाडांच्या पाण्याचा हिशेब कडक आहे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी अनंताला. भाजी विसळलेले अबोलीला. न्हाणीघराचे पाणी पन्हळीतून कर्दळीला आणि अळवाला. मोगऱ्याच्या आळ्यात मात्र एक कच्चे मडके गळ्यापर्यंत पुरलेले आहे. ते दोन-तीन दिवसांनी भरायचे, वर झाकण ठेवायचे. मडके पाझरते तेवढेच पाणी मुळांना मिळते, उन्हाला काही मिळत नाही. आळ्यात नारळाची सोडणे उपडी घालून वर सुका पातेरा पसरलेला असतो. या सगळ्याला आता इंग्रजी नावे आहेत आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठात ती शिकवलीही जातात. आजींनी ते सासूकडून शिकले.

अनंताला तेवढे जपावे लागत नाही. मूळचे हे झाड चीनकडचे, पण कोकणच्या तांबड्या मातीत असे रुळले, की परके वाटत नाही. देशावर नेऊन काळ्या मातीत लावले, तर पाने पिवळी पडतात आणि कळ्या उमलण्याआधीच गळतात. कारण अनंताला आंबट माती लागते. जांभ्याची माती तशी आहे; काळ्या मातीतल्या चुनखडीमुळे त्याला लोह घेता येत नाही. पुण्याला राहणाऱ्या आजींच्या नणंदेने तीन वेळा रोप नेले आणि तीन वेळा घालवले. चौथ्या वेळी बरोबर पोतेभर मातीही नेली. ते रोप जगले.

आणि भुईचाफा. हे खरे तर या दिवसांतले सर्वांत मोठे नवल. पावसाळाभर त्याची हळदीसारखी पाने असतात, थंडीत ती वाळून नाहीशी होतात. मग कोपऱ्यातली ती जागा इतकी उघडी-बोडकी दिसते, की नवीन माणूस तिथे खुशाल चप्पल काढतो. वैशाखात एके सकाळी कडक, भेगाळलेल्या जमिनीतून पान नाही, देठ नाही, एकदम फूल वर येते. पांढऱ्या पाकळ्या, आत जांभळी झाक, मंद वास. जमिनीतूनच कुणी तरी वर सरकवल्यासारखे. संध्याकाळी ते मलूल होते. दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरे. घरातल्या मुलांना त्या जागेभोवती चार दगड मांडून ठेवायचे काम दर वर्षी असते.

मुले म्हणजे मुंबईची आणि पुण्याची नातवंडे. मे महिना त्यांचाच. एरवी दोन बायकांच्या आणि एका पुरुषाच्या या घरात त्या महिन्यात पंधरा पाने मांडली जातात. कळ्या कितीही निघाल्या तरी कमीच पडतात. माठात दोन, देवाला मूठभर, आणि उरलेल्या सगळ्या मुलींच्या केसांत. पूर्वी एक दिवस खास मोगऱ्याच्या वेणीचा असे. दुपारपासून मुलीला पाटावर बसवून, पाठभर वेणीवर कळ्या टाचून, संध्याकाळी दापोलीला फोटो स्टुडिओत न्यायचे. पाठीमागे आरसा ठेवायचा, म्हणजे एकाच फोटोत चेहराही येतो आणि वेणीही. आजींच्या तिन्ही मुलींचे असे फोटो माजघरात आहेत. मान अवघडलेली, चेहरा गंभीर. कळ्या मात्र फोटो निघेस्तोवर उमलायला लागलेल्या.

२०२० साली मे महिन्यात कुणी आले नाही. टाळेबंदी होती. आदल्या पौषात मोगरा चांगला छाटला गेला होता, ताणही चांगला बसला होता, आणि वैशाख लागताच असा बहर आला, की परडी दोनदा भरावी लागे. गजरे करायचे कुणासाठी? सुरुवातीला सूनबाई शेजारी नेऊन देत. मग गावातही एकमेकांकडे जाणे-येणे थांबले. देवाला वाहून वाहून किती वाहणार? आजींनी शेवटी कळ्या खुडणेच सोडले. फुले झाडावरच उमलली, पिवळी पडली, खाली गळली. संध्याकाळी फोनवर नाती विचारत, “आजी, मोगरा आलाय का?” आजी म्हणत, “आलाय थोडासा.”

३ जूनला, वटपौर्णिमा दोन दिवसांवर असताना, निसर्ग चक्रीवादळ आले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने रायगडचा किनारा आणि दापोली-मंडणगड तालुके झोडपून काढले. या घराचे अर्ध्याहून अधिक कौल उडाले. ते तिघे माजघरात, पाटाखाली डोकी घालून बसून होते. दुपारी वारा थांबल्यावर दार उघडले, तर मागे वाडी नव्हती. पोफळी एकावर एक आडव्या पडल्या होत्या, माड मधेच मोडले होते, आणि जिथून कधी दिसला नव्हता त्या पडवीतून सरळ समुद्र दिसत होता. सूनबाईंना त्या दिवसाचे एवढेच नीट आठवते, की उजेड फार वाटला. भर दुपारीही ज्या अंगणात कायम हिरवट सावली असायची, ते अंगण उघडे पडले होते.

वीज यायला कित्येक दिवस लागले. कौले, पत्रे, मेणकापड यांच्यासाठी दापोलीला रांगा लागल्या. फुलझाडांकडे पाहायला वेळ कुणाला होता! अनंताची एक बाजू फाटली होती. बकुळीची मोठी फांदी गेली. मोगऱ्यावर माडाचा शेंडाच पडला होता. तो करवतीने कापून काढला तेव्हा खाली वीतभर खुंट शिल्लक होते. “गेला,” असे म्हणून मुलगा खणून काढायला निघाला, तेव्हा आजींनी त्याला थांबवले. त्या म्हणाल्या, “राहू दे. छाटलाच तर आहे.”

पावसात खुंटांना फूट आली. पौषात रीतसर ताण बसला. २०२१ च्या वैशाखात त्या मोगऱ्याने जी फुले दिली, तशी आजींनी पन्नास वर्षांत पाहिली नव्हती. झाड तेच, माती तीच. फरक एवढाच, की त्याला प्रथमच दिवसभर ऊन मिळत होते. वाडीच्या सावलीत तो इतकी वर्षे अर्धपोटी होता आणि तरीही फुलत होता! त्याच मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते वादळ समुद्रातून उत्तरेकडे गेले. खाऱ्या वाऱ्याने कळ्या काळवंडल्या. आजी आणि सूनबाई दोघींनी दोन दिवस पानांवर गोडे पाणी शिंपडले, आणि पुढचा बहर वाचला.

अबोलीला मात्र ते ऊन सोसले नाही. सावलीची सवय झालेली ती, पाने तपकिरी करून बसली. तिला उचलून विहिरीच्या उत्तरेला न्यावे लागले. अनंतावर दोन उन्हाळे जुन्या साडीचे छत बांधले. भुईचाफ्याला काहीच झाले नव्हते. वादळ गेले तेव्हा तो जमिनीखाली होता.

घराचे पोट फुलांवर चालत नाही, ते पोफळीवर चालते. २०२१ च्या पावसात मुलाने वाडी पुन्हा लावली. पोफळीचे रोप लहानपणी कोवळे असते, त्याला सावली लागते, म्हणून मधे मधे केळी. फळ धरायला पाच-सात वर्षे. आता ती झाडे घराच्या कौलांपर्यंत आली आहेत. अंगणाकडची ओळ तर मोगऱ्याच्या अगदी डोक्यावर. गेल्या दोन वैशाखांत परडी एकदाच भरते, आणि तीही काठोकाठ नाही. दुपारी दोननंतर मोगऱ्यावर ऊन राहत नाही.

यावर घरात रोज चर्चा होते. मुलाचे म्हणणे, मोगरा उचलून रस्त्याच्या बाजूला लावू. आजींचे म्हणणे, एवढे जुने झाड उचलू नये. सूनबाईंनी एकदा हळूच सुचवले, “आई, कडेच्या दोन पोफळी लावल्याच नसत्या तर...” त्यावर मुलगा काही बोलला नाही आणि आजीच म्हणाल्या, “अगं, असं नाही म्हणू. रोपं मिळत नव्हती तेव्हा. खांद्यावरून आणलीत त्यानं.”

शेवटी गेल्या पावसाळ्यात सूनबाईंनी कुणाला न विचारता मोगऱ्याच्या तीन फांद्या वाकवून दाबल्या. वर चिऱ्याचे तुकडे ठेवले. दसऱ्यापर्यंत मुळे फुटली. एक रोप रस्त्याच्या बाजूला, गडग्याशी, जिथे दिवसभर ऊन असते तिथे लागले आहे. एक ठाण्याच्या नातीने नेले, सातव्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या गच्चीसाठी. कात्री लावायची, या अटीवर. तिसरे अजून कुंडीत आहे. केळशीला आजींच्या माहेरी त्यांना ते परत पाठवायचे आहे. तिथला मूळ मोगरा कधीचा गेला.

रोहिणी नक्षत्र निघाले, की संध्याकाळी समुद्रावर ढग दिसू लागतात. वारा फिरतो. लाल चेंडूसारखी मे फ्लॉवरची फुले वाफ्यात उभी राहतात. मुंबईकरांच्या पिशव्या भरल्या जातात: आमसुले, फणसपोळी, आठळ्या. शेवटचे गजरे ओले फडके गुंडाळून डब्यात जातात, ते पनवेलपर्यंत तरी टिकतात. मग घर पुन्हा तिघांचे होते.

पहिला पाऊस बहुधा रात्रीच येतो. आजींना झोप तशीही कमी. त्या पडवीत येऊन बसतात. वाळलेल्या अबोलीच्या शेंगांना पाणी लागले, की त्या फुटतात आणि बिया उडतात. पावसाच्या आवाजातही तो तडतडाट वेगळा ऐकू येतो. विहिरीच्या बाजूने आधी एक, मग दोन-तीन, मग लाह्या फुटाव्यात तसा. सूनबाई आतून विचारतात, “आई, भिजताय का?” आजी म्हणतात, “नाही गं. ये, ऐक जरा.”